डाव्या गालावरचा डाग

"हा सह्याद्री," असे म्हणून तात्यासाहेब पोंक्षे यांनी आपल्या काठीचे टोक चित्रातल्या तपकिरी उंचवट्यावर टेकवले.

टेकवले हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. सत्तर वर्षे जुना तैलरंग, आणि त्यावर काठीचे रबरी बूच. मी ते दोन बोटांनी बाजूला केले. तात्यासाहेबांना त्यात काही वावगे वाटले नाही. त्यांनी काठी पुढच्या मुद्द्यावर नेली.

"आणि ही लिलीची फुलं. शुभ्र. म्हणजे राजकन्येचं निर्मळ मन. डोक्यामागे शिंपला आहे, तो बघा. लक्ष्मी समुद्रातून आली, त्याचं सूचन. खाली ही मोठाली पानं, ती कमळाची. सबनीसबाई, लिहून घेताय ना?"

"नाही."

"का बरं?"

"कमळ पाण्यात येतं, तात्यासाहेब. या चित्रात पाणी कुठं आहे?"

"सूचित आहे," ते म्हणाले.

अंबोशी हे एके काळी साडेबारा गावांचे संस्थान होते. संस्थान गेले, राजवाड्यात कचेऱ्या आल्या आणि दरबाराच्या दालनात वस्तुसंग्रहालय उघडले. तात्यासाहेब हे तिथल्या हायस्कुलाचे निवृत्त मुख्याध्यापक आणि संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. संग्रहालयाला पंचवीस वर्षे होत होती, स्मरणिका निघायची होती, तिच्या मुखपृष्ठावर हे चित्र छापायचे होते. आणि आतल्या पानावर चित्राचा अर्थ सांगणारे एक टिपण हवे होते, ज्याच्या शेवटी डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाची सही असेल. अर्थ तात्यासाहेबांकडे तयार होता. माझ्याकडून फक्त सही हवी होती. साल १९८५, मार्गशीर्ष. मी चव्वेचाळीस वर्षांची होते, कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवत होते, आणि संस्थानी चित्रकारांवरचा एक जाड ग्रंथ माझ्या नावावर होता. तात्यासाहेबांनी तो वाचला नव्हता. मात्र संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

चित्र चार फूट उंच. हिरवा परकर आणि लाल पोलके घातलेले, तीनेक वर्षांचे मूल. उजव्या नाकपुडीत चमकी. चेहऱ्यावर हसू नाही. कुणीतरी चौकटीबाहेरून 'हलू नकोस' म्हणून दटावले असावे, तसे भाव. भोवती गच्च हिरवाई. खाली पितळी पाटी: बागेतील राजकन्या, चित्रकार रावजी चितारी, १९१४. आणि मुलाच्या डाव्या गालावर हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा डाग.

"हा डाग तेवढा उद्या जाईल," तात्यासाहेब म्हणाले. "मुंबईहून फणसेकर येतायत. जुनी चित्रं स्वच्छ करण्यात त्यांचा हात धरणारा नाही. सकाळी डाग जाईल, दुपारी फोटोग्राफर येईल. तुम्ही तेवढी हरकत नसल्याची चिठ्ठी द्या, म्हणजे मंडळाच्या दप्तरी राहील."

ते जेवायला गेले आणि मी भिंग काढले.

पुढच्या अर्ध्या तासात बागेतली एकही गोष्ट बागेतली उरली नाही. शिंपला म्हणजे सूप होते. बांबूच्या पट्ट्यांची वीण चिताऱ्याने एकेक करून रंगवली होती. सह्याद्रीच्या पायथ्याशी फुटके खापर होते, राख होती, शेणाच्या पाटीचा तुटका काठ होता. लिलीच्या फुलांपाशी मी थबकले आणि दाराशी बसलेल्या शिपायाला हाक मारली.

"हे फूल कसलं हो?"

त्याने मान वाकडी केली. "धोतरा की, बाई. आमच्या गोठ्यामागं मायंदाळ हाय."

"आणि ही पानं?"

"एरंड. खाली टाकळा हाय बगा, पिवळा." मग तो जरा संकोचला. "उकिरड्यावर असतंय तसलंच समदं."

तात्यासाहेबांनी पस्तीस वर्षे शिकवले होते, मी पंधरा वर्षे संशोधन केले होते, आणि हा मनुष्य स्टुलावरून पुरता उठलासुद्धा नव्हता.

उकिरडा. दरबारी चित्रकाराने राजकन्येला उकिरड्यावर बसवले होते. चिताऱ्याने राजवाड्याच्या भिंतीवर राजवाड्याचीच टर उडवली होती आणि सत्तर वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता. लेखाचे नाव मला तिथेच सुचले: 'दरबारी कुंचल्याचा मूक विद्रोह'. वीस पाने सहज झाली असती. मुलींची टोचतात डावी, मग ही नाकपुडी उजवी का, असा एक प्रश्न मनात येऊन गेला. चिताऱ्याने आरशातले प्रतिबिंब पाहून काढले असेल, असे म्हणून मी तो निकालात काढला.

राहिला डाग. तो भिंगाखाली पाहिला. व्हार्निशच्या वर बसलेला काजळीसारखा तेलकट थर, आणि त्यात बोटाच्या ठशाची बारीक वळणे. साफसफाई करणाऱ्या कुणाचे तरी मळके बोट. मी चिठ्ठी लिहिली: 'सदर डाग चित्र पूर्ण झाल्यानंतरचा मळ आहे. काढण्यास हरकत नाही.' खाली सही. ती चिठ्ठी शिपायाच्या हाती देऊन मी बाहेरच्या पडवीत डबा उघडला.

एक म्हातारी खांबाला टेकून बसली होती. नऊवारी, कपाळ मोकळे, जवळ बांगड्यांची रिकामी पेटी. मी जवळ जाताच तिने न विचारता माझे मनगट धरले आणि ते फिरवून पाहिले.

"सव्वादोन आणे माप," ती म्हणाली. "हाडाचा हात. बांगडी वाढवायची न्हाई तुमच्यानं." मग मनगट न सोडताच, "कोल्हापूरच्या बाई त्या तुमीच न्हवं? मी अंबू कासारीण. राजवाड्यात बांगड्या भरायचं आमच्या घराकडं हुतं."

"मला बांगड्या नकोत, आजी."

"मी कुटं भराय आलीया." तिने दाराकडे पाहिले. "ते गालावरचं पुसनार म्हनं उद्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शिपाई आमच्या गल्लीतला. पुसू नगा, बाई."

"का?"

"पुसू नगा."

या उत्तरावर माझी सहनशक्ती संपली. मी तिला सांगितले, की मी चिठ्ठी दिली आहे, डाग हा मळ आहे, मळ चित्राला खातो, आणि कारण न सांगता केलेल्या विनंतीचा विचार करायला मी मंडळाची अध्यक्ष नाही. ती ऐकत राहिली. गिऱ्हाईक नाही नाही म्हणत असताना बांगडीवाली ज्या शांतपणे पुढची रास उलगडते, तशी.

"तुमी धोतरा वळखला," ती म्हणाली. "उकिरडा वळखला. शिपाई म्हनला, भिंग घालून बघत्यात. मंग आता ऱ्हायलं काय. आज ना उद्या पोरगाबी वळखालच."

"कोणता पोरगा?"

तिने माझे मनगट सोडले.

"त्यो आमचा उका हाय," ती म्हणाली.

मी सगळे वाचलेले होते. पोटची मुले जगत नसली, की पुढच्याला उकिरड्यावर टाकतात, सुपात घालतात, दुसऱ्याने उचलायचे आणि आईने मूठभर कोंडा देऊन विकत घ्यायचे; नाव दगड, धोंडा, उकिर्डा असे कुणी फिरून बघू नये असे ठेवायचे; नाक उजवीकडे टोचायचे, परकर नेसवायचे. मृत्यूला मुलगा हवा असतो, त्याने कचऱ्यातली पोर समजून पुढे जावे. यावर मी परीक्षेत पाच गुणांचा प्रश्नसुद्धा काढला होता. पाटीवरचा प्रत्येक शब्द मी संशयाने तपासला होता: बाग खोटी, राजकन्या असेल-नसेल, साल बरोबर. 'मुलगी' हा शब्द पाटीवर नव्हताच, म्हणून तो तेवढा तपासायचा राहिला होता.

"चार भाऊ गेले आमचे," अंबूताई सांगत होती. "दोन वर्सं कुनी वलांडली न्हाईत. ह्यो पाचवा. आईनं बाराव्या दिवशी राखंवर ठिवला. मी पाच वर्सांची. मला म्हनली, जा, कायतरी पडलंय बग, उचलून आन. मी आनला. मुठीभर कोंड्याला इकला आईला. त्यो कोंडा मी कोंबड्यास्नी घातला." ती किंचित हसली. "पुढं राणीसायबांची नजर पडली. आई बांगड्या भराय जायची तवा ह्यो बरुबर असायचा. राणीसायब म्हनल्या, गोड पोर हाय, चिताऱ्याला बसवा. आता राजवाड्याला न्हाई कोन म्हननार?"

"म्हणून आईनं चिताऱ्याला सांगितलं."

"पाया पडली त्येच्या. म्हनली, पोराचं चित्र काढलं की नजर कायमची त्येच्यावर बसली. बागंत बसवू नगा, जितनं मी घेतला तितंच बसवा. चितारीबी लेकुरवाळा हुता, त्येनं ऐकलं. समदं केलं. पर गाल लई गोरा झाला. भिंतीला लावल्यावर आईनं बगितलं, काळजात धस्स झालं तिच्या. कुनी न्हाई असं बगून डोळ्यातलं काजळ काढलं नि लावलं. मी हुते तितं."

बोटाच्या ठशाची ती बारीक वळणे मी चाळीस मिनिटांपूर्वी मोजली होती.

"उकाशेट आता चौऱ्याहत्तरचा हाय," ती म्हणाली. "सोमवारी मिरजेला प्वाट फाडनार हाईत त्येचं. गाठ हाय म्हनत्यात. आन् तुमी उद्या त्येची तीट पुसनार."

"आजी, चित्रावरचं काजळ पुसल्यानं माणूस मरत नाही."

"आसंल."

"आणि असल्यानं जगतही नाही."

"आसंल की. चार गेले तवा तीट नव्हती. ही लावली, ह्यो ऱ्हायला. तुमास्नी ठावं आसंल कशानं ऱ्हायला. मला ठावं न्हाई. म्हनून मी कशालाच हात लावू देत न्हाई. आन् लिवूबी नगा त्यो पोरगा हाय म्हनून. त्यो हाय तंवर. मागनं काय बी लिवा."

"हे संशोधन आहे, आजी. मला हे पटत नाही आणि मी खोटं लिहीत नाही."

"पटत न्हाई न्हवं तुमास्नी?"

"नाही."

"मंग तुमचं जातंय काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे निदान चार उत्तरे होती आणि चारही तळटीपांसह देता आली असती. मी डबा बंद केला.

संशोधकाने ऐकीव माहितीवर विसंबू नये, म्हणून संध्याकाळी मी कासार गल्लीत गेले. हे मी माझ्यापुरते दिलेले कारण. खरे म्हणजे म्हातारी खोटी ठरावी अशी माझी तीव्र इच्छा होती. दुकानात गादीवर एक लठ्ठ, गोरा, टक्कल पडलेला म्हातारा चष्मा कपाळावर चढवून वर्तमानपत्र वाचत होता. उजव्या नाकपुडीत बुजत आलेले भोक होते.

"या बाई. भरायच्या का? हिरव्या की राजवर्खी?"

"नाक टोचलं होतं तुमचं?"

अनोळखी बाईने विचारायचा हा प्रश्न नव्हता, पण उकाशेट मनमोकळे हसले. "आईचा हट्ट. तिनं मला विकत घेतलंय, बाई. मूठभर कोंड्याला. जन्मभर म्हणायची, फसले गं बया, महागात पडला."

"लहानपणी कधी चित्र काढलं होतं का कुणी तुमचं?"

"आमचं? कोण काढतंय आमचं चित्र. कासाराचं पोर आम्ही." त्यांनी पोटावर थाप मारली. "आता मिरजेचा डॉक्टर काढणार म्हणतोय, आतनं. बसा की, चहा सांगतो."

म्हणजे त्यांना ठाऊक नव्हते. सत्तर वर्षे बहिणीने त्यांनासुद्धा सांगितले नव्हते. मी चहा घेतला नाही, आणि आपण इतक्या चिडलो कशावर आहोत ते न समजून आणखी चिडले.

सकाळी फणसेकर माझ्या आधी हजर होते. पन्नाशीचे, किडकिडीत, पांढरा अंगरखा. टेबलावर बाटल्या उंचीप्रमाणे मांडलेल्या. चित्र उतरवून आडवे ठेवले होते. तात्यासाहेब खुर्चीत बसून स्वच्छ राजकन्येची वाट पाहत होते. फणसेकरांनी काडीला कापूस गुंडाळला आणि बाटलीत बुडवला.

"थांबा," मी म्हटले.

"काय झालं, मॅडम?"

"तो डाग काढायचा नाही."

त्यांनी काडी बशीवर ठेवली, हात पुसले, खिशातून माझी चिठ्ठी काढली आणि वाचली. "'चित्र पूर्ण झाल्यानंतरचा मळ आहे. काढण्यास हरकत नाही.' सही आपली?"

"माझी. मत बदललं आहे."

"कशाच्या आधारावर?"

"सबनीसबाई," तात्यासाहेब म्हणाले, "मुखपृष्ठावर काळा डाग? राजकन्येच्या तोंडावर?"

मी आधी खरे बोलण्याचा प्रयत्न केला. निदान जेवढे खरे बोलता येण्यासारखे होते तेवढे. "ती तीट असावी. लहान मुलींनाही लावतात. त्या काळची रीत म्हणून ठेवायला हवी."

तात्यासाहेबांचा चेहरा कठोर झाला. "तीट? मग तर पुसलीच पाहिजे. मी तीस वर्षं या गावात अंधश्रद्धेवर व्याख्यानं दिली. माझ्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर दृष्ट आणि काजळ? पुसा, फणसेकर."

"शिवाय ती चिताऱ्यानं लावलेली नाही," फणसेकर म्हणाले. ते बरोबर बोलत होते, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला इतका संताप त्यापूर्वी कधी आला नव्हता. "थर व्हार्निशच्या वर आहे. मॅडमनी स्वतःच लिहिलंय. आणि चित्राला तीट कोण लावतं?"

त्यांनी काडी पुन्हा उचलली. कापूस गालापासून वीतभर अंतरावर होता.

"तो भुंगा आहे," मी म्हटले.

फणसेकरांनी काडी तिथेच थांबवली.

"काव्यातला जुना संकेत आहे," मी पुढे म्हणाले. माझा आवाज वर्गातला होता, स्थिर, किंचित कंटाळलेला. त्या आवाजात मी काहीही खपवू शकते हे मला त्या दिवशी कळले. "भुंग्याला सुंदर मुख म्हणजेच कमळ वाटतं आणि तो गालाशी येतो. चिताऱ्यानं तो मुद्दाम शेवटी काढला. भुंगा बाहेरून येतो, म्हणून व्हार्निशच्या वर. चित्र पुरं झाल्यावर, चित्राच्या सौंदर्याला भुलून आलेला."

"भ्रमर," तात्यासाहेब पुटपुटले. ते उभे राहिले होते.

फणसेकरांनी भिंग लावले. "यात रेषा आहेत, मॅडम. बोटाच्या ठशासारख्या."

"पंखांच्या शिरा."

त्यांनी भिंग खाली घेऊन माझ्याकडे पाहिले. मी नजर हलवली नाही.

"म्हणजे कमळ आहे," तात्यासाहेब म्हणाले. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, मी अतिशयोक्ती करत नाही. "भ्रमर आहे म्हणजे कमळ असलंच पाहिजे. काल तुम्ही म्हणालात पाणी नाही."

"सूचित आहे," मी म्हटले.

भुंग्याला कमळ लागते; कमळ मानले की ती पाने एरंडाची म्हणता येत नाहीत; एरंड गेला की धोतऱ्याला लिली व्हावेच लागते. तासाभरात तात्यासाहेबांनी सांगितले आणि मी लिहिले. सह्याद्री लिहिला. शिंपला लिहिला, लक्ष्मी लिहिली. राजकन्येचे निर्मळ मन लिहिताना पेनातली शाई संपली आणि त्यांनी मोठ्या प्रेमाने आपले पेन पुढे केले. मी सही केली, पदवीसह.

फणसेकर जिन्यात भेटले. बाटल्यांची पेटी आवळून निघाले होते.

"वीस वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले. "भुंग्याच्या पंखावर बोटाचे ठसे असतात, हे नवीन कळलं. आपला ग्रंथ मी वाचलाय, मॅडम. दोनदा."

"मग?"

"काही नाही. चांगला आहे ग्रंथ," ते म्हणाले आणि उतरून गेले. मी त्यांना काही सांगू शकत नव्हते. त्यानंतर जिथे जिथे माझे नाव निघाले, तिथे तिथे ते उठून गेले, असे मला अनेकांनी कळवले.

पडवीत अंबूताई खांबाला टेकून बसली होती. मी जाता जाता म्हटले, "राहिलं." तिने मान हलवली. आभार मानले नाहीत. मीही थांबले नाही.

उकाशेट मिरजेहून परत आले. गाठ साधी होती. हे मी कुठल्याही बाजूचा पुरावा म्हणून नोंदवत नाही.

भुंगा मात्र स्मरणिकेतून सुटला तो पुन्हा हाती आला नाही. एका दिनदर्शिकेने तो जानेवारीवर छापला. एका चर्चासत्राचे बीजभाषण त्याच्यावर झाले. मी पन्नास चित्रांच्या काळनिश्चितीत डोळे घालवले, त्याबद्दल मला कुणी कधी विचारले नाही; पण अनोळखी माणसे समारंभात येऊन म्हणत, 'भुंगा ओळखणाऱ्या सबनीसबाई त्या तुम्हीच ना?' मग तो पदव्युत्तर अभ्यासक्रमात आला, आणि मी स्वतः सलग नऊ वर्षे तो शिकवला. विद्यार्थी उत्तरपत्रिकांत पंखांच्या शिरांवर दीड पान लिहीत. एका मुलीने एकदा वर्गात हात वर करून विचारले, "बाई, पण ही फुलं धोतऱ्याची नाहीत का?" मी तिला खाली बसायला सांगितले. अध्यापनाच्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख प्रश्नांना आदराने उत्तरे दिली आहेत. शहाण्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर मला अजून झोपू देत नाही.

उकाशेट २००२ साली गेले. एक्क्याण्णवाव्या वर्षी, दुपारी जेवून गादीवर कलंडले ते उठले नाहीत. आठवड्याने पोस्टकार्ड आले. अक्षर कुणा शाळकरी नातीचे, पण शब्द अंबूताईचे. 'आमचा उका गेला. पुरून उरला. मी मोकळी झाले. आता तुम्ही काय ते लिहा.' तिचे वय तेव्हा शहाण्णव होते.

मी निवृत्त होते, वेळ होता. तीन महिने बसून मी बत्तीस पानांचा लेख लिहिला. धोतरा, एरंड आणि टाकळा यांची छायाचित्रे जोडली. सूप, राख, खापर, उजवी नाकपुडी, कोंडा, कासारांचे राजवाड्याशी असलेले नाते, काजळाचा थर व्हार्निशच्या वर का, ठसा कुणाचा, सगळे क्रमाने मांडले; आणि भुंगा ही शुद्ध थाप होती, हे एका स्वतंत्र परिच्छेदात निःसंदिग्ध शब्दांत लिहिले. ज्या नियतकालिकाकडे पाठवला, तिथे लेखकाचे नाव झाकून लेख तज्ज्ञाकडे देण्याची कडक शिस्त आहे. ती शिस्त त्यांना लावणाऱ्या समितीत मी होते, त्यामुळे थाप मारणाऱ्याचे नावही मला 'एका अभ्यासकाने' असे झाकावे लागले.

लेख पाच महिन्यांनी परत आला. तज्ज्ञाचा अभिप्राय टंकलिखित, सव्वा पानाचा. लेखकाचे वनस्पतींचे ज्ञान चांगले आहे, परंतु काव्यसंकेतांचा परिचय अपुरा दिसतो. गावगप्पांना पुराव्याचे मोल देण्याची घाई झाली आहे. सर्वमान्य झालेल्या भ्रमराच्या अर्थनिश्चितीला 'थाप' म्हणणे अभ्यासकाला शोभत नाही. लेख स्वीकारू नये. पुनर्लेखन करायचेच झाल्यास लेखकाने आधी डॉ. सबनीस यांचे मूळ टिपण एकदा शांतपणे वाचावे, अशी नम्र सूचना.